अनुमोदक

डोंबिवलीला फास्ट गाडी पुरती थांबायच्या आत जे उड्या मारतात ते एक, आणि त्यांच्यामागून जे धक्क्याने आपोआप आत ढकलले जातात ते दुसरे. आमचे अनुमोदक दुसऱ्यांतले. बँकेतल्या अख्ख्या नोकरीत त्यांनी एकदाही चालत्या गाडीत उडी घेतली नाही, आणि एकदाही ते व्हीटीपर्यंत उभे गेले नाहीत. सगळ्यांच्या शेवटी चढायचं, बसलेल्यांच्या दोन रांगांमध्ये सरकायचं, आणि एकेकाकडे बघून नुसत्या भुवईने विचारायचं, कुठे? कोणीतरी पुटपुटतो, "ठाणा." झालं. ठाण्याला हे चौथ्या सीटवर, घाटकोपरला तिसऱ्या, दादरला खिडकीशी. उडी मारताना ज्याने कोपर सोलून घेतलेलं असतं तो दारात लोंबकळत असतो, आणि त्याची बॅग यांच्या मांडीवर. "द्या इकडे," असंही ते म्हणत नाहीत. दुसरंच कोणी म्हणतं, "काकांकडे द्या," आणि हे मान हलवून अनुमोदन देतात.

हा माणूस तुमच्या ओळखीत आहे. ऑफिसात, नात्यात, नाटकाच्या ग्रुपमध्ये, कुठेतरी आहेच. ज्याने आयुष्यात पहिलं वाक्य कधी उच्चारलं नाही, आणि ज्याचं कधी काही अडलं नाही.

आमच्या बिल्डिंगमधली पोरं त्यांना अनुमोदनकाका म्हणतात. मोठी माणसं नुसतंच अनुमोदक. नाव पडलं सोसायटीच्या वार्षिक सभांमुळे. सभेची वेळ दहा. चोवीस सभासदांची सोसायटी, त्यामुळे गणपूर्तीला दोन तृतीयांश म्हणजे सोळा डोकी लागतात, आणि दहा वाजता गच्चीवर सेक्रेटरी, खजिनदार आणि खुर्च्या मांडणारा वॉचमन असे तिघे असतात. मग उपविधीत सांगितल्याप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. साडेदहाला मिनिटभर कमी असताना अनुमोदक येतात. दाराजवळची खुर्ची धरतात. सेक्रेटरी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात, विचारतात, "अनुमोदन?", आणि एक हात खांद्यापर्यंत वर जातो. त्याहून वर नाही. "माझं आहे." इतिवृत्त कायम. हिशेब मंजूर करायचे, अनुमोदक. हिशेबतपासनीस नेमायचा, अनुमोदक. सिंकिंग फंड वाढवायचा, अनुमोदक. पुढच्या वर्षी वाढवायला नको, त्यालाही अनुमोदक. आमची जुनी इतिवृत्तं चाळलीत तर सूचकाच्या रकान्यात नावं बदलत गेलेली दिसतील. अनुमोदकाच्या रकान्यात शाई तेवढी बदलते.

कमिटीवर मात्र ते कधी आले नाहीत. कमिटीवर निवडून आलं की तेव्हा एम-20चं बंधपत्र लिहून द्यावं लागायचं. घेतलेल्या निर्णयांची जबाबदारी सगळ्यांवर मिळून आणि एकेकट्यावरही येते. सभेत बसून अनुमोदन देणाऱ्याला कुठलाच कागद लिहून द्यावा लागत नाही. हे त्यांनी मला एकदा जिन्यात थांबवून समजावून सांगितलं. चेहरा असा, की कर वाचवायचा कायदेशीर मार्ग सांगताहेत.

हॉटेलात मेनूकार्ड आलं की ते न उघडता पुढे सरकवतात. आपण डोकं खाजवून मिसळ सांगितली की "मलाही तेच." मिसळ चांगली निघाली तर "मी म्हणणारच होतो", जाळ निघाली तर पाण्याचा ग्लास हातात धरून नुसतं आपल्याकडे बघणं. बिल आलं की दोघातिघांचे हात खिशाकडे जातात. त्यात जो जरा जोरात "मी देतो" म्हणेल त्याच्या बाजूने अनुमोदक ठाम उभे राहतात. "देऊ द्या हो त्यांना, एवढं म्हणताहेत तर." गणपतीत आरतीची कडवी दुसऱ्यांनी म्हणायची, धृपदाला यांचा आवाज सगळ्यांच्या वर. वहिनी सांगतात, बघण्याच्या कार्यक्रमात मोठ्यांनी दोघांना बाल्कनीत बोलायला पाठवलं, तेव्हाही यांनी काही विचारलं नाही. शेवटी वहिनींनीच विचारलं, "मग, हो म्हणायचं का?" उत्तर आलं, "माझी काही हरकत नाही." वहिनी हे तक्रार म्हणून सांगतात की कौतुक म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं चाललं असतं. चीड येते ती यांचं कुठे काही बिघडत नाही याची. बँकेत बरोबरीच्यांनी परीक्षा देऊन ऑफिसरची बढती घेतली, आणि बढतीच्या मागोमाग बदली आली. कोणी गडचिरोलीला गेला, कोणी आसामला. पोरांच्या शाळा बदलल्या, बायकांच्या नोकऱ्या सुटल्या. यांनी फॉर्मच भरला नाही. फोर्टच्या शाखेत लागले आणि फोर्टच्याच शाखेतून नारळ घेऊन घरी आले. 1995च्या सुमाराला बँकांत पेन्शन आली. भविष्य निर्वाह निधीतली बँकेची वर्गणी सोडून पेन्शन घ्यावी की नाही, यावर रोज जेवणाच्या सुट्टीत परिषद भरायची. उत्साही मंडळी व्याजाची कोष्टकं मांडायची. अनुमोदक डबा खात ऐकत राहिले आणि पर्याय द्यायची मुदत टळून गेली. आता हे फसले, असं सगळ्यांना वाटलं. 2010 साली संघटना आणि बँकांमध्ये समझोता झाला आणि राहिलेल्यांना पेन्शनचा दुसरा पर्याय मिळाला. घोषणा देणाऱ्यांचे घसे बसले, संपाच्या दिवसांचे पगार कापले गेले, समझोत्यावर पुढाऱ्यांनी सह्या केल्या. अनुमोदकांनी फॉर्मवर केली.

या वागण्यामागे तत्त्वज्ञान आहे, आणि ते ऐकायचं तर त्यांचं आणि सूचकांचं भांडण ऐकायला हवं होतं. सूचक दुसऱ्या मजल्यावरचे, ठाण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त. सोसायटीत जे जे काही आहे ते त्यांनी सुचवलेलं: कॅमेरे, ओला-सुका कचरा, पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा. कॅमेरा बंद पडला की बोलणी सूचकांना. चालू असला तर तो असतो हेच कोणाच्या ध्यानात नसतं.

संध्याकाळी दोघे गेटजवळच्या कठड्यावर बसायचे. सूचकांचा हुकमी एक्का सचिन. 27 मार्च 1994, ऑकलंड. सिद्धूची मान आखडली, आणि तोवर वन-डेत मधल्या फळीत खेळणाऱ्या सचिनने स्वतः होऊन मागितलं, मला ओपनिंगला जाऊ द्या. 49 चेंडूंत 82. "मागितलं म्हणून मिळालं!" सूचक कठड्यावर थाप मारायचे.

अनुमोदक जरा वेळ जाऊ द्यायचे. "मागितलं खरं. पण अझरुद्दीन आणि वाडेकर हो म्हणाले म्हणूनच ना?"

म्हणजे ऑकलंडलाही अनुमोदन होतंच. मग ते दादासाहेब फाळके काढायचे. विम्याची पॉलिसी गहाण टाकून माणसाने 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, आणि 1944 साली नाशिकला गेला तो हलाखीत. "त्यांच्या नावाचं पारितोषिक 1969पासून दुसरेच घेताहेत," अनुमोदक म्हणायचे. यावर सूचकांकडे उत्तर नसायचं. माझ्याकडेही नाही.

पण त्यांचं खरं दैवत नरसिंह राव. 1991च्या लोकसभेला राव उभेच नव्हते. त्याआधी दोनदा आपल्या रामटेकमधून निवडून गेलेले, आता पुस्तकांची खोकी बांधून दिल्ली सोडायच्या बेतात. राजीव गांधींची हत्या झाली, आणि पंतप्रधानपदासाठी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री शरद पवार पुढे सरसावले. 21 जूनला शपथ घेतली ती रावांनी. पवार त्यांच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री. ही कथा अनुमोदक इतक्या भक्तिभावाने सांगतात, की शेवटी हातावर प्रसाद पडेल असं वाटतं. वर आवाज खाली आणून जोडतात, "आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत कोणी नेली? रावांनीच."

मी एकदा मध्ये तोंड घातलं. म्हटलं, पण खुर्चीवर बसल्यावर राव मागे राहिले का? महिन्याभरात रुपयाचं अवमूल्यन, परवान्यांचा कारभार मोडीत, 24 जुलैचा तो अर्थसंकल्प.

"तो मनमोहनसिंगांनी मांडला," अनुमोदक म्हणाले. "रावांनी अनुमोदन दिलं."

6 डिसेंबर 1992चा विषय काढला की मात्र त्यांना दूध आणायला जायचं असतं.

लिफ्टचं सांगावं की नाही, याचा मी विचार करत होतो. कारण ते सांगितल्यावर या माणसावर धड चिडता येत नाही. आमची बिल्डिंग तळमजला अधिक तीन, मुळात बिनलिफ्टची. सूचकांनी बाहेरून लिफ्ट बसवायचा ठराव मांडला. तळमजला आणि पहिला मजला विरोधात, ते समजण्यासारखं आहे. पण तिसरा मजलाही गप्प, कारण त्यांच्या वाट्याला जास्त पैसे येणार अशी कुजबुज होती. सेक्रेटरींनी विचारलं, "अनुमोदन?" कोणी मोबाइल बघत होतं, कोणी शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीवरचे कावळे. अनुमोदक राहतात तळमजल्यावर. त्यांना लिफ्टचा उपयोग शून्य, खर्चात वाटा, आणि खोदकाम नेमकं त्यांच्या बेडरूमच्या खिडकीखाली. हात खांद्यापर्यंत वर. "माझं आहे."

अनुमोदन मिळाल्यावर ठराव चर्चेला घ्यावाच लागला, आणि काठावर का होईना, मंजूर झाला. तळमजल्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. दिवाळीत फराळाची ताटंसुद्धा आली नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी हल्ली स्वतः खाली उतरून भाजी निवडतात आणि भाजीवाल्याशी मनसोक्त भांडतात. मग मी जुनी इतिवृत्तं काढून बघितली. कॅमेरे, कचरा, खड्डा, सगळ्याला पहिला हात यांचाच होता. लिहिलेलं होतं तिथे. वाचतो कोण?

दोन पावसाळ्यांपूर्वी सूचक मुलाकडे पुण्याला राहायला गेले. तेव्हापासून ऐनवेळच्या विषयांत कोणी तोंड उघडत नाही. बिल्डिंगचं वय झालंय. जिन्यातल्या स्लॅबमधून गंजलेल्या सळ्या दिसतात, पावसाळ्यात प्लॅस्टरचे पोपडे कोणाच्याही डोक्यात पडतात. पुनर्विकास सगळ्यांनाच हवा आहे. जिन्यात भेटलेला प्रत्येक जण म्हणतो, "कोणीतरी पुढाकार घ्यायला हवा," आणि हे म्हणणाऱ्याला समोरच्याचं तात्काळ अनुमोदन मिळतं. चोवीसच्या चोवीस अनुमोदक झाले. असली अनुमोदकाला कामच उरलं नाही.

मग एका रात्री जेवणं झाल्यावर ते माझ्या दारात उभे. माझ्याआधी पाचसहा दारं झाली होती, हे नंतर कळलं. हातात घडी घातलेला फुलस्केप. "तुम्ही काही मांडणार आहात का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कशाबद्दल? त्यांनी कागद उलगडला. विशेष सर्वसाधारण सभेत मांडायचा ठराव, प्रकल्प सल्लागार नेमण्याचा. कलम 79(अ), 4 जुलै 2019चा शासन निर्णय, एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती, सगळं मुद्देसूद. डाव्या बाजूला बोटभर समास, शीर्षकाखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. असाच समास आणि अशाच दोन रेघा मी आधी पाहिल्या होत्या. लिफ्टचा ठराव सूचक ज्या कागदावरून वाचत होते, त्यावर.

"म्हणजे लिफ्टसुद्धा..." मी म्हटलं.

"तुम्ही फक्त मांडा," ते म्हणाले. "पुढचं मी बघतो."

"पण सगळं तुम्हीच केलंय, तर तुम्हीच मांडा की."

चालत्या गाडीत उडी मारा म्हटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मी मांडलं, आणि अनुमोदन द्यायला कोणी उठलंच नाही, तर?"

मी कागद घेतला.

या सभेला अर्ध्या तासाची सवलत नव्हती, दोन तृतीयांश माणसं हवीच होती. अनुमोदक पावणेदहालाच दाराजवळच्या खुर्चीवर. जिन्यातून येणारा प्रत्येक जण ते बोटांवर मोजत होते. सोळा झाले, सतरा झाले. मी ठराव वाचला. समास सोडून सगळा. सेक्रेटरींनी विचारलं, "अनुमोदन?"

अनुमोदकांचा हात मांडीवरून निघाला होता. कोपरापर्यंत आला असेल-नसेल, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भाजीवाल्यासाठी राखून ठेवलेल्या आवाजात ओरडल्या, "माझं!"

हात अर्ध्यावर राहिला. "मग माझंही लिहा," ते म्हणाले.

"एकच लागतं, काका," सेक्रेटरी म्हणाले. "नाव टाकलं आजींचं."

"दोघांचं लिहिता येत नाही?"

"तशी पद्धत नाही."

आणि अनुमोदक चक्क उभे राहिले. "मग यापुढे प्रत्येक ठरावाला दोन अनुमोदक असावेत," ते म्हणाले, "असं मी सुचवतो."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते खुर्ची चाचपडत घाईघाईने बसले. सेक्रेटरी तोवर लिहायला लागले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अनुमोदन?"

सगळी गच्ची सवयीने दाराजवळच्या खुर्चीकडे वळली, आणि सवयीनेच तिथून एक हात खांद्यापर्यंत वर आला.