आमचे येथे एपीकेकृपेकरून

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तंत्रज्ञानाचा ठेका माझ्याकडे आहे. कुणी दिलेला नाही, मीच घेतलाय. गूगल आणि ॲपल आपापल्या स्टोअरमध्ये ॲपवाल्यांकडून ३० टक्क्यांपर्यंत कमिशन कापतात, बिलिंगच्या सक्तीवरून २०२२ साली आपल्या स्पर्धा आयोगाने गूगलला ९३६ कोटींचा दंड ठोठावला (अपिलात तो बराच उतरला, पण ते मी सांगत नाही), मार्च २०२४ पासून युरोपातल्या आयफोनवर दुसऱ्यांचीही स्टोअर्स चालतात, हे सगळं मी लिफ्टमध्येसुद्धा ऐकवतो.

स्टोअरबाहेरून ॲप घेण्याच्या माझ्या क्रांतीचं तात्कालिक कारण मात्र पंचांगाचं एक ॲप. जाहिराती नकोत तर वर्षाला २९९ रुपये. कुठल्याशा चॅनलवर त्याचीच एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप थेट बसवायची फाइल, फुकट पडली होती.

फोन अडला, अनोळखी ॲपला परवानगी नाही म्हणाला. पूर्वी एकच बटण दाबलं की सगळ्यांना मुक्तद्वार असे. अँड्रॉइड ८ पासून ज्या ॲपमधून फाइल आली त्याच्यापुरती परवानगी द्यावी लागते. दिली. मग पंचांगाने ‘ॲक्सेसिबिलिटी’ मागितली. ही सोय मुळात दृष्टिहीनांसारख्यांसाठी: स्क्रीनवरचं वाचायचं, माणसाच्या वतीने बटणं दाबायची. एकादशी कधी हे सांगायला ती कशाला, असा प्रश्न कुणालाही पडला असता. अँड्रॉइड १३ ला पडलाही. बाहेरून आलेल्या ॲपला ती द्यायला त्याने साफ नकार दिला. मी व्हिडिओ बघून, कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून तो नकार मोडून काढला. गॅसवाल्याला ओटीपी सांगताना मी दाराची साखळीही काढत नाही.

दुपारी सोलापूरहून आत्याचा फोन. “लग्न कुणाचं रे?”

माझ्या नंबरवरून झाडून सगळ्यांना ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके गेली होती.

“उघडत नाही मेली. फोन परवानगी नाही म्हणतो. म्हटलं, नाही तर नाही.”

जावयांच्या आयफोनवर ती उघडणं शक्यच नव्हतं. ॲपलच्या ज्या कुंपणावरून मी त्यांना दिवाळीत तासभर पिडलं, त्याच्या आत ते निवांत चहा पीत होते.

भाचा धावून आला. तो स्वतः एफ-ड्रॉइड या दुसऱ्या स्टोअरवरून ॲप घेतो. तिथल्या ॲपचा सोर्स कोड उघडा असतो. त्यामुळे तो माझ्या पक्षातला, असा माझा समज.

“मामा, ही फाइल बनवली कुणी?”

“प्ले स्टोअरवर काय भामटी ॲप्स नसतात?”

“असतात. पण तिथे तक्रार तरी करता येते. तुम्ही कुणाकडे जाणार?”

गेलो १९३० या सायबर हेल्पलाइनकडे. फोन पुसून कोरा केला, बँकेने खात्यातून पैसे जाणं थांबवलं. येणं चालू होतं. रात्री मावसकाकांनी फोन करून सांगितलं, पत्रिका काही उघडली नाही, पण ५०१ रुपये आहेर पाठवलाय. परत करावा तर खातं गोठलेलं.

“आहेर घेतलाच आहे,” बायको म्हणाली, “तर आता मुलीचं नाव तरी सांगा.”