सर्जा-राजाची खबरबात

रेडिंग, इंग्लंड

ती. आई आणि अण्णा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर अण्णांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, ‘ससा पाळलात ते ठीक, पण तो देतो काय?’ दूध नाही, अंडी नाही, शेण म्हणावं तर नुसत्या लेंड्या. ओम शेजारी कान टवकारून उभा होता, त्यामुळे मोकळेपणाने बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक दुरुस्ती. ससा नाही, ससे. ज्या संस्थेकडून आणले ती एकटा ससा देतच नाही. सशाला सोबत लागते, एकटा ठेवला तर तो झुरतो. ओमने नावं ठेवली सर्जा आणि राजा, कारण त्याच्या मते जोडी म्हटली की हीच नावं असतात, आजोबांच्या बैलांची होती ना! राजा मादी आहे. हे त्याला सांगून झालं, पण आता नाव बदललं तर तिला वाईट वाटेल असं त्याचं म्हणणं. दोघांचंही ऑपरेशन करूनच दिलंय, त्यामुळे ‘वर्षात वीस होतील, मग विका’ हा अण्णांचा बेत बारगळला. मादीचं ऑपरेशन नाही केलं तर वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर होण्याची भीती फार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अण्णा, चाकणच्या बाजारात तुम्ही बैलाचे दात बघता, चालवून बघता, मग रुमालाखाली बोटं दाबून सौदा करता. इथे जनावर निवांत बसतं आणि दात आपले बघतात. संस्थेच्या बाई घरी आल्या आणि आधी मीटरपट्टी काढली. दोन सशांना निदान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी सलग जागा हवी, तीही दिवसरात्र. सुट्टीत गावी गेलात तर यांना कोण बघणार? विजेच्या वायरी झाकल्यात का? तुमचे जावई सगळ्याला ‘हो, हो’ म्हणत गेले आणि अशा रीतीने त्यांची कामाची खोली सशांना गेली. ते आता लॅपटॉप घेऊन जिन्याखाली बसतात.

जात अंगोरा. फोटोत तुम्हाला पांढरा ढीग दिसला असेल, तो सर्जा. त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे तो चालू लागला की कळतं. केस महिन्याला जवळजवळ इंचभर वाढतात. विंचरायला दोन दिवस आळस केला की काखेत आणि पोटाखाली गुंता होतो, आणि तो गुंता ओढला की सर्जा असा बघतो की आपलीच लाज वाटावी. आंघोळ घालायची नाही, भिजला तर थंडीने आणि भीतीने दगावू शकतो. अण्णा, धनगरांकडची कातर पाठवू का म्हणालात, पण नको. याची कातडी कागदासारखी पातळ, जरा टोक लागलं तर फाटते. आम्ही बोथट टोकाची छोटी कात्री वापरतो. दर तीन महिन्यांनी दोघांना भादरायचं, एकाला एक आख्खा रविवार लागतो. भादरल्यावर आतून जो निघतो त्याला ओमने पहिल्यांदा ओळखलंच नाही.

खाणं मात्र साधं. ताटातलं बहुतेक सगळं वाळलेलं गवत. गाजर ही नुसती चित्रातली गोष्ट, त्यात साखर फार. ‘लसूण घास घाला, जनावर कसं टुणटुणीत होतं बघा’ असं अण्णा म्हणाले, ते पिल्लांना चालतं. मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि मूत्राशयात साठतं. कोथिंबीर चालते. त्यामुळे भारतीय दुकानातून जुडी आणली की आधी त्यांचा वाटा निघतो, उरलेली आमच्या पोह्यांवर. सशाला ओकता येत नाही. चाटताना पोटात गेलेले केस गवताच्या रेट्यानेच बाहेर पडायला हवेत, म्हणून अर्धा दिवस खाल्लं नाही तरी दवाखाना गाठायचा. आणि आई, जेवत असशील तर पुढची ओळ नंतर वाच. ससे आपल्याच मऊ लेंड्या थेट तोंडाने उचलून खातात. त्यातून त्यांना जीवनसत्त्वं मिळतात. पाहुण्यांसमोर खातात.

दरवर्षी एक लसही द्यावी लागते. मिक्सोमॅटोसिस नावाचा रोग १९५३ साली इंग्लंडात शिरला आणि थोड्याच वर्षांत रानातल्या शंभरातले नव्व्याण्णव ससे गेले. डास आणि पिसवा तो पसरवतात, म्हणजे घरातल्या सशालाही सुटका नाही.

आता अण्णांच्या कामाची बातमी. बिबट्या इथे नाही, पण कोल्हा आहे. शहरातला कोल्हा, कचऱ्याच्या डब्यावर बसून आमच्याकडे बघणारा. ऊन पडलं की ससे बागेतल्या पिंजऱ्यात असतात, आणि मी कोंबड्यांची जाळी लावली होती. ‘ती जाळी तो दातानेच फाडेल. वेल्डिंगची जाड जाळी घे, खालून उकरून येऊ नये म्हणून जमिनीत हातभर पूर, कडी दोन ठिकाणी लाव,’ असं अण्णांनी फोनवर सांगितलं होतं. पुढे इथल्या पत्रकात नेमकं हेच छापलेलं वाचलं. जावयांनी चर खणला. सॉफ्टवेअरवाल्याचे हात, दोन दिवस नुसते फोड. आपल्या गोठ्यात बिबट्यासाठी केलेल्या बंदोबस्ताचा फोटो त्यांनी शेजाऱ्याला दाखवला. तेव्हापासून शेजारी आमच्याशी जरा जपूनच बोलतो.

तर, देतात काय? लोकर देतात. उशीचे तीन अभ्रे भरलेत. विणकाम करणाऱ्या इथल्या एका आजींनी ती चिमटीत धरून बघितली आणि म्हणाल्या, फार निसरडी आहे, नुसती कातली तर टिकणार नाही, मेंढीची लोकर मिसळा. आपल्याकडे असे ससे पाळतात ते थेट कुल्लूकडे, गडशाला केंद्राच्या मेंढी-लोकर संस्थेचं ठाणं आहे. आपल्या पेठच्या उन्हाळ्यात हे बिचारे तग धरणार नाहीत, तेव्हा ‘इकडेच पाठव, मळ्यात राहतील’ हा विषय बंद.

आजींनी सूत काढून दिलं. त्यातून मी कानटोपी विणली आहे. आपल्या घोंगडीसारखी टोचत नाही, पण घातली की पाचच मिनिटांत डोकं तापतं. जावयांनी घालून बघितली आणि खिडकी उघडली.

आईचे गुडघे कसे आहेत? मंचरच्या डॉक्टरांकडे जाऊन या, उद्यावर ढकलू नका. बैलांना ओमचा रामराम.

तुमची,
स्वाती

ता. क. : अण्णांच्या डोक्याचं माप सुतळीने घेऊन फोटो पाठवणे. फेट्यावरून नको, फेटा काढून.