'पडला' की 'पाडला'?

गेल्या पावसाळ्यात माझे काका सकाळी दूध घेऊन सायकलवरून घरी येत होते. मागून आलेल्या पिकअप टेम्पोनं त्यांना धक्का दिला आणि तो न थांबता निघून गेला. काकांचं उजवं मनगट मोडलं. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" काकांनी तोंड उघडायच्या आत चुलतभाऊ म्हणाला, "सायकलवरून पडले." एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, झाली की पोलीस येणार, जबाब होणार, चकरा मागे लागणार, त्याला ते नको होतं. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो. केसपेपरवर लिहिलं गेलं : 'सायकलवरून पडल्याने दुखापत.' टेम्पो तिथेच नाहीसा झाला.

हे तीन शब्द पुढे कुठवर जातात, ते बघा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात दुखापतीची नोंद दोन बाजूंनी होते. शरीराला काय झालं त्याचा एक कोड आणि ते कशामुळे झालं त्याचा दुसरा. मोडलेलं मनगट, कुठलं हाड मोडलं त्यावर, एस५२ किंवा एस६२ मध्ये जातं. कारणासाठी सायकलस्वारांना वेगळं घर दिलेलं आहे, व्ही१० ते व्ही१९. माणूस किंवा जनावर आडवं आलं तर व्ही१०. दुसऱ्या सायकलशी टक्कर झाली तर व्ही११, मोटारसायकल किंवा रिक्षा असेल तर व्ही१२, कार किंवा पिकअप असेल तर व्ही१३, ट्रक किंवा बस असेल तर व्ही१४. खांबावर, दुभाजकावर आपटला तर व्ही१७. कुणाशीही टक्कर न होता आपला आपणच पडला, तर व्ही१८.

काकांचा खरा कोड व्ही१३. कागदावरून निघणारा कोड व्ही१८. यात कागद वाचून कोड लावणाऱ्या कोडरला बोल लावता येणार नाही. डॉक्टरांनी जे लिहिलं नाही ते मनानं भरायचं नाही, हा त्या कामाचा पहिला नियम आहे. म्हणजे नोंदीपुरता टेम्पो निर्दोष सुटला आणि तोल गेला तो काकांचा.

याहून वाईट ओळ म्हणजे नुसतं 'आरटीए'. रोड ट्रॅफिक ॲक्सिडेंट. त्यात जखमी माणूस चालत होता, सायकलवर होता की बसमध्ये बसला होता, तेही कळत नाही. कॅज्युअल्टीतली गर्दी मी पाहिली आहे. रात्री अडीचला चौथा पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरकडे निबंध मागणं अन्याय आहे. पण 'सायकलस्वार, मागून पिकअपची धडक, भर रस्त्यात' एवढं लिहायला दहा सेकंद लागतात. एक्स-रेची चिठ्ठी लिहायला त्याहून जास्त लागतात.

आपल्याला हे जमत नाही, असं कुणी म्हणू नये. पुणे, चेन्नई, हैदराबादमधली हजारो मुलंमुली रोज अमेरिकेतल्या रुग्णालयांचं कोडिंग करतात. तिथला सायकलस्वार कारला धडकला तर आपली मुलगी व्ही१३.४ लावते, पहिली भेट असेल तर शेवटी ए जोडते. अपघात सायकलच्या वेगळ्या मार्गावर झाला असेल तर त्या जागेलाही कोड आहे, वाय९२.४८२. अमेरिकेतही कारणाचे हे कोड देशभर सक्तीचे नाहीत, तरी त्यांना जागा आहे आणि ते लावणारे हात आपले आहेत. हीच मुलगी संध्याकाळी घरी जाते त्या रस्त्यावर कुणी सायकलवाला उडवला गेला, तर त्याच्या वाट्याला 'आरटीए' ही तीन अक्षरं येतात. मला याचा संताप येतो.

आता पैशाचं. ठोकून पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही, तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख रुपये, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. हाड मोडणं कायद्यानं गंभीर दुखापतच आहे. २०२५ पासून मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची योजनाही आली. दोन्हीकडे मुळात मोटार वाहन असावं लागतं. काकांच्या केसपेपरवर वाहनच नाही. चुलतभावाला आठवडाभरानं हे कळलं तेव्हा तो कागद बदलून आणायला गेला. मूळ नोंद खोडता येणार नाही, असं सांगून त्याला परत पाठवलं, आणि ते योग्यच होतं. नोंदी अशा मागाहून बदलायला लागल्या तर उद्या टेम्पोवालाही बदलून घेईल.

पोलिसांच्या भीतीनं उपचार अडतील, ही समजूत तर आता टाकून द्या. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलं, आधी उपचार, कागद नंतर. एमएलसी म्हणजे जखमीवर गुन्हा नव्हे. ती जखमीच्या बाजूची नोंद आहे.

आणि हा एका घरापुरता प्रश्न नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारी आकडा पोलिसांच्या नोंदींवर उभा आहे. मनगट मोडून घरी गेलेला, तक्रार न केलेला सायकलवाला त्या नोंदींत येत नाही. त्याचा एकमेव साक्षीदार कॅज्युअल्टीचं रजिस्टर. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात सायकल ट्रॅक कुठे हवा, कुठल्या चौकात टेम्पो सायकलींना घासतात, हे त्या रजिस्टरमधून कळू शकतं. पण तिथे सगळे 'पडलेले' असतील, तर महापालिका म्हणणार, रस्ता ठीक आहे, लोकांना सायकल चालवता येत नाही.

गंमत नव्हे, दुःख असं की हा प्रश्न आपल्या सरकारी कागदावर छापलेला आहे. रुग्णालयानं भरायच्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात, फॉर्म ४ मध्ये, 'दुखापत कशी झाली?' ही ओळ आहे. माणूस गेल्यावर विचारायचा प्रश्न तो जिवंत असताना, शुद्धीवर असताना, स्वतःच्या तोंडानं सांगू शकत असताना का विचारायचा नाही? आणि डॉक्टर विचारतात तेव्हा आपण नातेवाईक मध्येच का बोलतो?

काकांचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. फॉलोअपच्या दिवशी नव्या डॉक्टरांनी पेपर वाचून विचारलं, "पडलात का, आजोबा?" यावेळी मी चुलतभावाच्या खांद्यावर हात ठेवला. काका म्हणाले, "पडलो नाही. पांढऱ्या पिकअपनं मागून पाडलं." डॉक्टरांनी पेन उघडलं आणि त्या दिवशीच्या तारखेखाली ते लिहून घेतलं.