एकच पान आहे

राऊटर घ्यायला दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "घरासाठी हवाय की ऑफिससाठी?" प्रश्न सरळ आहे, उत्तर नाही. आमच्या डोंबिवलीच्या घरात सकाळी दहापासून हॉलचं ऑफिस होतं. बायको तिथे बसून दुकानदारांची जीएसटीची रिटर्न भरते. संध्याकाळी त्याच टेबलावर आई गवार मोडायला घेते आणि रात्री मुलाची जर्नल्स पसरतात. जुलै संपत आला, इन्कम टॅक्सची तारीख तोंडावर आली, की त्या जागेला घर म्हणायचं की ऑफिस, हे विचारायची आमच्यात कुणाची टाप नसते.

मी "दोन्हीसाठी" म्हणालो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या विक्रेत्याला याहून गोड उत्तर नाही. घर म्हटलं की तो दोन अँटेनांचा राऊटर काढतो, ऑफिस म्हटलं की सहांचा. दोन्ही म्हटल्यावर पोऱ्याला शिडी लावायला सांगून त्याने माळ्यावरून आठ अँटेनांचा उतरवला. "अँटेना मोजून राऊटर घेऊ नका हं साहेब," असंही तो प्रामाणिकपणे म्हणाला, पण आठ अँटेना एकेक करून उभ्या करत म्हणाला.

पेटीवरचे आकडे हा आणखी एक प्रकार. साध्याशा राऊटरवरही १२०० लिहिलेलं असतं. राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्यावर कागदोपत्री ३०० मेगाबिट, दुसऱ्यावर ८६७. बेरीज ११६७, आणि ती पेटीवर येईपर्यंत १२०० होते. मोबाइल सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज घरात कुणाच्याच पदरात पडत नाही. शिवाय आपण महिन्याचे पैसे भरतो ते शंभर मेगाबिटचे. उरलेले अकराशे पेटीसोबत माळ्यावर जातात.

प्रिंटरबद्दल मात्र विक्रेता अवाक्षर काढत नाही. मीच विषय काढला, तर म्हणाला, "आता प्रिंट कोण काढतं साहेब?" एकदा आमच्याकडे येऊन बस म्हणावं. आधारची प्रत, धाकट्या भाचीचा 'पाण्याचे प्रदूषण' हा प्रकल्प, लग्नाचा बायोडेटा (व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला असतोच, तरी 'हातात एक असू द्या'), सोसायटीच्या सभेची नोटीस, आणि आईसाठी बावीस पॉइंटच्या अक्षरातलं अथर्वशीर्ष. कागदाशिवायचं जग आलं म्हणतात. आमच्याकडे ते आधी पीडीएफ होऊन येतं आणि मग आम्ही त्याची दोन-दोन पानं काढतो, एक फाइलला आणि एक 'असू दे' म्हणून.

खरं तर राऊटरने प्रिंटरला एवढं परकं मानायचं कारण नाही. १९७३ साली कॅलिफोर्नियात पालो अल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात आल्टो नावाचे टेबलावर मावणारे संगणक तयार होत होते. त्याच केंद्रात गॅरी स्टार्कवेदर लेझर प्रिंटरवर काम करत होते, आणि तो प्रिंटर पुढे सेकंदाला एक पान काढू लागला. संगणक माणशी एक, पण प्रिंटर सगळ्यांत मिळून एक. सगळ्यांची पानं तिथपर्यंत न्यायची कशी, या अडचणीतून बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट उभं केलं. आपल्या राऊटरच्या पाठीला जी पिवळी-निळी चौकोनी भोकं असतात, ती त्याच इथरनेटची. म्हणजे ज्या कारणासाठी हा सगळा संसार मांडला, तेच आता राऊटरच्या पेटीवर सर्वांत बारीक अक्षरात असतं, असलं तर.

आता आपल्याकडचा प्रिंटर. कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेझरजेट १०२०. वकिलाच्या केबिनमध्ये, शाळेच्या ऑफिसात, तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या टपरीत, कुठेही बघा, या दोघांपैकी एक बसलेला असतो. वर रुमाल, रुमालावर स्टेपलर. बाजारात येऊन वीसेक वर्षं झाली तरी हे मरत नाहीत. एचपीच्या लेझरची आतली यंत्रं पहिल्यापासून, म्हणजे १९८४ पासून, बहुतेक कॅननच बनवत आलं. म्हणून रिफिलवाला दोन्ही मशीनला "बारा ए ना?" एवढंच विचारतो आणि एकाच जातीचं कार्ट्रिज दोन्हीकडे बसवतो. बोटं काळी, हिशेब चोख.

पण या दोघांनाही वाय-फाय नाही, आणि दोघांनाही स्वतःची अक्कल नाही. ही निंदा नव्हे, रचना आहे. महागड्या प्रिंटरला 'हे अक्षर, इथे, एवढं मोठं' इतकं कळवलं की तो पान स्वतः रचून घेतो. स्वस्त प्रिंटरला मात्र अख्खं पान ठिपक्याठिपक्याने रचून कॉम्प्युटरने द्यावं लागतं. १०२० तर चालू केला की दर वेळी स्वतःचं फर्मवेअरही कॉम्प्युटरकडून मागून घेतो. म्हणूनच तो परवडला.

आणि इथेच राऊटर निवडणाऱ्याची खरी गंमत सुरू होते. काही राऊटरना पाठीमागे यूएसबीचं भोक असतं, पेटीवर 'प्रिंट सर्व्हर' असं लिहिलेलं असतं. केबल खुपसली की झालं, असं कुणालाही वाटेल. पण साधा प्रिंट सर्व्हर हा निव्वळ निरोप्या. आलेलं पान पुढे ढकलायचं, एवढंच त्याला ठाऊक. अशा बिनअकली प्रिंटरचा ड्रायव्हर मध्येच विचारत असतो, कागद आहे का, तापलास का, आधीचं पान गेलं का? त्याचं उत्तर निरोप्याकडून परत आलं नाही की काम तिथेच अडून बसतं. स्कॅनरवालं थ्री-इन-वन मशीन लावलंत तर छपाई होईल, स्कॅन होणार नाही. काही कंपन्या यावर तोडगा म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरवर आपलं एक सॉफ्टवेअर टाकायला लावतात. त्यातून प्रिंटर आपल्याच कॉम्प्युटरला जोडलाय असं भासवलं जातं. मग स्कॅनही होतं, पण एका वेळी एकाचंच. एकाने धरून ठेवला की बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. पेटीवर यालाही 'शेअरिंग'च म्हणतात.

राऊटर बाजूला ठेवून जुना मार्गही आहेच. प्रिंटर बायकोच्या कॉम्प्युटरला जोडायचा आणि विंडोजमधून सगळ्यांना वाटायचा. चालतं, फक्त तो कॉम्प्युटर चालू हवा. मुलाला रात्री साडेअकराला सबमिशन आठवतं, तेव्हा ऑफिस बंद होऊन त्याच्या आईसाहेब झोपलेल्या असतात. आणि कार्यालयांतून विचारा, सप्टेंबर २०२१ मध्ये विंडोजचं एक सुरक्षेचं अपडेट आलं आणि असे वाटून घेतलेले कितीतरी प्रिंटर एका सकाळी एकाच चुकीचा आकडा दाखवत गप्प झाले. कुलूप पक्कं करताना घरचेच बाहेर राहिले.

त्यात आता फायबरवाला स्वतःचा डबा देऊन जातो. तो डबाही राऊटरच असतो. वायर जिथे आत येते तिथेच, म्हणजे दाराच्या वर, देव्हाऱ्याच्या शेजारी, त्याला ठोकतो, सही घेतो आणि निघतो. आपण हौसेने आणलेला दुसरा राऊटर त्याच्यापुढे जोडला की एका घरात दोन चुली पेटतात. प्रिंटर एका चुलीवर, लॅपटॉप दुसरीवर. इंटरनेट दोघांनाही मिळतं, पण लॅपटॉपला प्रिंटर काही केल्या दिसत नाही. आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण यूट्यूब छान चालत असतं. उपाय दोन मिनिटांचा आहे. आपल्या राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' करायचा, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकाकडेच राहतं. विकणारा हे सांगत नाही, कारण त्याच्या मते आपण पहिला डबा काढून टाकणार असतो. फायबरवाला सांगत नाही, कारण त्याच्या मते आपण दुसरा आणायलाच नको होता.

पत्त्यांवरून आठवलं. वीज जाऊन आली की राऊटर सगळ्यांना नव्याने पत्ते वाटतो. काल १९२.१६८.१.५ वर असलेला प्रिंटर आज ९ वर राहायला जातो, कॉम्प्युटर जुन्याच दारावर थाप मारत बसतो आणि पडद्यावर 'ऑफलाइन' येतं. घरातला प्रत्येक माणूस मग छापायचं बटण पुन्हा पुन्हा दाबतो. कधीतरी दोघांची भेट होते, आणि गॅसच्या सबसिडीचा एकच अर्ज ट्रेमध्ये सात वेळा येऊन पडतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. ही सोय बऱ्याच राऊटरमध्ये असते आणि माझ्या मते आठ अँटेनांपेक्षा तिची किंमत जास्त आहे. जाता जाता: राऊटरला छोटा यूपीएस जरूर लावा, पण लेझर प्रिंटर घरच्या इन्व्हर्टरवर टाकू नका. शाईची पूड कागदावर भाजायला तो जो हीटर तापवतो, तो काही शे वॅट खातो.

भिंतींचाही विचार करायला हवा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत आली की दमतो. २.४ हळू, पण स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. मध्ये स्टीलचं कपाट किंवा माशांची पेटी असेल तर दोघांचीही पंचाईत. वाय-फाय असलेले स्वस्त प्रिंटर बहुधा फक्त २.४ वरच बोलतात, तेव्हा 'जुना पट्टा कशाला' म्हणून तो बंद करू नये. राऊटर शोकेसच्या काचेआड, टीव्हीच्या मागे, क्रोशाच्या रुमालाखाली ठेवायचा आणि मग रेंज नाही म्हणून आणखी महाग घ्यायचा, ही आपल्याकडची घरगुती अर्थव्यवस्था आहे. तिच्यावर मी बोलणार नाही. रुमाल आईने विणलाय.

प्रिंटर कोणत्या खोलीत ठेवायचा, हाही प्रश्नच. वाटून घेतलेल्या प्रिंटरचं दुखणं असं की हुकूम एका खोलीतून सुटतो आणि कागद दुसऱ्या खोलीत अडकतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना हाच ताप होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संदेश जाईल, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर त्यांना मिळेना, आणि मग पुन्हा तेच, जिना चढून जा आणि अडकलेला कागद बघून या. ती चीड त्यांच्या मनात राहिली. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. आमच्याकडे कागद अडकला की चळवळ होत नाही, हॉलमधून नुसती हाक येते, "अहो, बघा जरा!"

आणि शेजारी. पूर्वी फोन एकाच्या घरी असायचा आणि पत्रिकेवर, कार्डावर नंबरापुढे 'पी. पी.' छापून अख्खा मजला तो वापरायचा. आता फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, प्रिंटर नाही. त्यामुळे बेल वाजते आणि समोरच्या वहिनी दारात उभ्या असतात. "भावोजी, एकच पान आहे." ते एकच पान म्हणजे चार पानांची पीडीएफ असते, तिला पासवर्ड असतो, पासवर्ड मुलाला माहीत असतो आणि मुलगा क्लासला गेलेला असतो. तोवर चहा होतो. पैसे घ्यायचे नसतात. कधी कार्ट्रिज भरायची वेळ येते, तेव्हा समोरून वाटीभर पुरण येतं. हा हिशेब कोणत्याही राऊटरच्या सेटिंगमध्ये बसत नाही. एकदा मुलाने सुचवलं की शेजाऱ्यांना गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड देऊ, म्हणजे ते घरूनच छापतील. पण गेस्ट नेटवर्कवरून प्रिंटर दिसत नाही. पाहुण्याने इंटरनेट वापरावं, घरातल्या वस्तूंना हात लावू नये, हाच त्याचा धर्म. बायकोच्या क्लायंटसाठी गेस्ट नेटवर्क उत्तम आहे, आणि लोकांची रिटर्न ज्या घरातल्या कॉम्प्युटरवर आहेत त्या घरात ते असलंच पाहिजे. वहिनींसाठी मात्र दार उघडं ठेवणंच बरं.

तर माझा कौल असा. नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर वाय-फाय असलेला प्रिंटर घ्या आणि राऊटरमध्ये प्रिंटर-शेअरिंग शोधू नका. तेच पैसे चांगल्या रेंजवर घाला. जुना यूएसबीवाला लेझर ठणठणीत असेल तर त्याला भंगारात काढू नका. यूएसबी असलेला राऊटर घ्या, पण आधी त्या राऊटरच्या कंपनीच्या यादीत आपल्या प्रिंटरचं नाव बघा. नुसतं 'लेझर आहे' सांगून भागत नाही. प्रिंटरच्या पाठीवरच्या लेबलाचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या, आणि तो विक्रेत्याला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.