सहाव्या आठवड्याचा मानकरी

महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगर-पुणे रस्त्यावर धावली, हे आम्ही नगरकर बाहेरगावच्या पाहुण्याला तो चपला काढायच्या आत सांगतो. त्याच हिशेबाने, गाडी खड्ड्यात आदळल्यावर कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणण्याचा पहिला मानही आमच्याकडेच यायला हवा. त्याची नोंद कुणी ठेवली नाही, एवढंच. पुढे जिल्ह्याने ही परंपरा जिवापाड जपली. नगर-मनमाड रस्त्याने दुचाकीवर राहुरीपर्यंत जाऊन आलेल्या माणसाला पाठीत मणके किती, हे पुस्तकात बघावं लागत नाही. ते त्याला एकेक करून मोजता येतात. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. खड्ड्यांपर्यंत ते राजपत्र अजून पोचायचं आहे.

अशा मुलखात नुसती पाठ दुखणं ही काही बातमी होत नाही. "पाठ दुखतेय" म्हटलं तर समोरचा "माझीपण" म्हणतो आणि विषय कांद्याच्या भावाकडे वळतो. सायटिकाचं तसं नाही. त्या दुखण्याला एक रुबाब आहे. ते कमरेतून निघतं, कुल्ल्यात थोडं थांबतं, मांडीच्या मागून करंट सोडत पोटरीत उतरतं आणि अंगठ्यापाशी जाऊन मुक्काम करतं. ते जिच्यातून धावतं, ती शरीरातली सगळ्यात जाड नस. कमरेच्या खालच्या मणक्यांमधून निघालेल्या मुळ्या एकत्र येऊन ती तयार होते आणि पुढे फाटे फुटत पार पावलापर्यंत जाते. दोष कमरेत असतो आणि जळते पोटरी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आमच्या घरचे सगळे बंब अर्थातच सोमेश्वरी धावले आणि माझी पोटरी चोळू लागले.

आमच्या डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं आणि गुडघा ताठ ठेवून पाय हळूहळू वर उचलला. एका ठिकाणी मी असा ओरडलो की बाहेर बसलेले दोन पेशंट "नंतर येतो" म्हणून उठून गेले. डॉक्टरांचा चेहरा मात्र खुलला. निदान झालं होतं. मग त्यांनी समजावून सांगितलं की, दोन मणक्यांमधली चकती बाहेर फुगते आणि नसेच्या मुळाशी दाब येतो. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी हे नीट मांडलं. आईला ते मान्य नाही. तिच्या मते हे गार फरशीवर अनवाणी फिरल्याने होतं आणि बोस्टनमध्ये फरशा नसल्यामुळे त्या दोघांना ते कळलं नसावं.

पण खरा गोंधळ डॉक्टरांच्या पुढच्या वाक्याने झाला. ते म्हणाले, "बहुतेकांचं हे दुखणं सहा आठवड्यांच्या आसपास आपोआप उतरणीला लागतं. लगेच एमआरआय नको. अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं चालत राहा. मात्र लघवी-संडासवरचा ताबा गेला, दोन मांड्यांमधली बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर रात्र असो की दिवस, तडक हॉस्पिटल गाठायचं."

ही लक्षणं घरातल्या सगळ्यांनी तोंडपाठ केली. त्यानंतर पाहुणे समोर बसलेले असतानासुद्धा आतून आवाज यायचा, "अहो, बसायची जागा बधिर झाली का हो?" पाहुणे आपली बसायची जागा बदलायचे.

"सहा आठवडे काहीच करायचं नाही?" आई म्हणाली. "मग तो डॉक्टर कशाला झाला?"

आणि उपचार सुरू झाले.

पहिला मान विटेचा. बांधकामातून उरलेली एक वीट आईने गॅसवर तापवली, जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि माझ्या कमरेवर ठेवली. बधिर झालेल्या कातडीला चटका कळत नाही, जपून शेका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझी कातडी बधिर नव्हती, हे त्या विटेमुळे सगळ्या गल्लीला कळलं. मग तव्यावर भाजलेल्या खड्या मिठाची पुरचुंडी, मग रुईची पानं, मग एरंडाची. सासूबाई अकोले तालुक्यातल्या. तिकडे डोंगरात निरगुडी मुबलक. त्या पिशवी भरून पाला घेऊन एसटीने आल्या. "जावईबापू, आमच्याकडं कळसूबाई चढून उतरलेली माणसं याच्यावरच ताठ होतात," म्हणाल्या. मी कळसूबाई चढलो नव्हतो, बाथरूमपर्यंत जाऊन आलो होतो. पण शेक मात्र १६४६ मीटर उंचीचा मिळाला.

शेजारच्या काकूंच्या दारात प्राजक्त आहे. एरवी त्याची फुलं कुणी उचलली तर काकू खिडकीतून मोजतात. सायटिकाला प्राजक्ताच्या पानांचा काढा देतात, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि त्यांनी स्वतः फांदी ओरबाडून आणून दिली. त्या काढ्याइतकं कडू मी अजून काही प्यायलो नाही. पुढचा अर्धा तास पाय आहे की नाही याचं भान राहत नाही. त्याचा गुण बहुधा हाच असावा.

मेव्हण्याचं निदान वेगळं. त्याने पंचांग उघडून साडेसाती काढली आणि शिंगणापूरला तेल वाहायला सांगितलं. घरात तिळाचं तेल एकच बाटली. ते शनिमहाराजांना वाहायचं की माझ्या कमरेला लावायचं, यावर बरीच चर्चा झाली. शनी हा मुळात मंद चालणारा ग्रह, आणि त्या दिवसांत माझी चाल पाहिली असती तर त्यांनी मला कुटुंबातलाच समजून सोडून दिलं असतं. शेवटी बाटलीची वाटणी झाली. शिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची प्रथा. आमच्या घराला दारं आहेत, पण त्या दिवसांत त्यांचा काही उपयोग होत नव्हता. सल्ला घेऊन येणारा माणूस थेट पलंगापाशी उभा राहायचा.

उपायांचा कळस म्हणजे पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण जाते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. माझी उसण नसून नस आहे, हा मुद्दा मी मांडला. तो फेटाळण्यात आला. शोध घेता गल्लीतली एकच व्यक्ती पायाळू निघाली: मला प्राथमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई. निवृत्त होऊन त्यांना कैक वर्षं झालीत, पण आवाज अजून वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल असा आहे. सकाळी आंघोळ करून, नवं पातळ नेसून त्या आल्या. मला पालथं झोपवण्यात आलं.

"बाई, जरा हळू," मी उशीत तोंड खुपसून म्हणालो.

"चौथीत पाढे येत नव्हते, तेव्हाच मारायची राहिली होती रे," त्या म्हणाल्या.

प्रत्यक्षात त्यांनी अंगठा तेवढा टेकवला, तोसुद्धा "देवा, बरं कर पोराला" म्हणत. मग मी भिंत धरून उठलो आणि त्यांच्या पाया पडायला वाकलो. वाकलो तो तिथेच राहिलो. चौघांनी मिळून मला सरळ केलं. बाई जाताना म्हणाल्या, "गुण यायला वेळ लागतो." हे वाक्य मी आधीही कुठेतरी ऐकलं होतं, पण एमबीबीएस झालेल्या माणसाकडून.

या दुखण्यात शिंक येऊ नये. शिंकेने पोटात दाब येतो, तो मणक्यापर्यंत पोचतो आणि नसेतून अशी सणक जाते की माणूस क्षणभर आपलं नाव विसरतो. हे माहीत असूनही आमच्याकडे शिपी आमटीला फोडणी पडलीच. मसाल्याचा ठसका घरभर गेला. मी नाक दाबून, डोळे मिटून, सगळे देव आठवून पडलो होतो. शिंक आली. आमटी उत्तम झाली होती, असं नंतर ऐकलं.

पडून राहू नका असं डॉक्टर सांगत होते आणि उठू नका असं घर सांगत होतं. बहुमत घराचं होतं. आमच्या गावच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू १९४२ पासून स्थानबद्ध होते. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. स्थानबद्धतेत माणूस काय काय शोधू शकतो, याचं ते उदाहरण. मला छताचा शोध लागला. पंख्याच्या डाव्या बाजूला ओल धरलीये. पहिल्या पावसात ती पसरणार, हेही मी घरात सांगून टाकलं. त्यावर शेजारच्या नानांनी नेहरूंची आणखी एक गोष्ट काढली. ते शीर्षासन करायचे, तूही कर. मी नाना जाईपर्यंत झोपेचं सोंग घेतलं.

शेवटी बायकोने मला रिक्षात आडवं घालून सावेडीतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. त्यांनी सगळ्यात आधी माझ्या मागच्या खिशातलं पाकीट काढायला लावलं. जाड पाकिटावर तासन् तास बसलं की कुल्ल्यातल्या त्या नसेवर दाब येतो. "एवढे पैसे घेऊन फिरता?" त्यांनी विचारलं. बायकोने पाकीट उघडून दाखवलं. पतसंस्थेच्या पावत्या, विजेची जुनी बिलं आणि एक साईबाबांचा फोटो. नोट एकच होती, घडी घालून ठेवलेली.

मग त्यांनी पालथं झोपवलं, कोपरांवर टेकून छाती उचलायला लावली आणि एक गोष्ट सांगितली. त्या गोष्टीमुळे माझा या शास्त्रावर एकदम विश्वास बसला. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला रॉबिन मॅकेंझी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. पायात कळा येणारा त्यांचा एक पेशंट आत जाऊन टेबलावर पालथा पडला. त्या टेबलाचा डोक्याकडचा भाग आधीच्या पेशंटसाठी वर उचललेला तसाच राहिला होता. मॅकेंझी दुसऱ्या कामात अडकले. येऊन बघतात तर माणूस उलटा वाकून पडलेला. ते घाबरले. पेशंट म्हणाला, पाय कित्येक दिवसांत इतका बरा वाटला नव्हता. त्यातून पुढे व्यायामाची एक पद्धत उभी राहिली आणि जगभर गेली. सगळ्यांना ती लागू पडत नाही, काहींचं दुखणं मागे वाकल्याने वाढतंही, म्हणून आधी कुणा जाणत्याने तपासायचं. पण व्यायाम करताना पायातली कळ वर सरकत कमरेपाशी आली, तर ते चांगलं लक्षण.

घरी आल्यावर मी आनंदाने ओरडलो, "आई, कळ कमरेत आली!"

"म्हणजे आणखी पसरली," आई म्हणाली आणि वीट तापायला ठेवली.

तरी मी सकाळ-संध्याकाळ तेवढं करत राहिलो आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागलो. त्या फेऱ्यांत उसाने भरलेले ट्रक दिसायचे. पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर कोपी घालून फडात राहतात. बाया डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात, वाकून तोडतात, पुन्हा चढतात. त्यांच्या कमरेला काय होत असेल हे सांगायला मिक्स्टर नको आणि बारही नको. सायटिकावर घरच्या घरी आराम कसा मिळवावा हे आपण सांगतो खरं, पण त्याला आधी घर लागतं, आणि दिवस भरला नाही तरी चालेल अशी सोय लागते. मला दोन्ही होती, शिवाय वीट.

आणि मग, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच सुमाराला, दुखणं उतरलं. एका सकाळी मी पायमोजा स्वतः घातला. घरात क्षणभर शांतता पसरली आणि लगेच श्रेयवाद सुरू झाला.

निळवंडे धरणाला १९७० मध्ये मंजुरी मिळाली आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण व्हायला २०२३ उजाडलं. पाणी आल्यावर ते कुणी आणलं, यावर जिल्ह्यात जी फ्लेक्सबाजी झाली, तीच आमच्या दिवाणखान्यात झाली. आई विटेवर ठाम. सासूबाईंनी अकोल्याहून फोन करून निरगुडीची बाजू मांडली. मेव्हण्याच्या मते शनी त्याच आठवड्यात हलला. काकूंनी प्राजक्ताची फुलं पुन्हा मोजायला घेतली आणि वर "उपकार विसरतात लोक" असं खिडकीतून ऐकवलं. गणिताच्या बाई काही बोलल्या नाहीत. पण हल्ली गल्लीत कुणाची पाठ धरली की लोक त्यांच्या दाराशी जातात, आणि त्या आधी पाढे विचारतात.

माझा निकाल असा: शेकाने बरं वाटतं, तेल चोळल्याने झोप लागते, सासूबाई एसटीने आल्या म्हणजे माणूस लवकर बरं व्हायचं मनावर घेतो. चालत राहण्याचा आणि त्या पालथ्या व्यायामाचा हातभार मी मानतो. बाकीचं काम आठवड्यांनी केलं. पहिल्या आठवड्यात जो उपाय सुचवतो त्याचं नाव बुडतं आणि सहाव्या आठवड्यात जो येतो तो धन्वंतरी ठरतो. आमच्याकडे सहाव्या आठवड्यात नेमका गॅस सिलिंडर घेऊन येणारा मुलगा आला होता. "साहेब, उलटं चालून बघा," म्हणाला. मी दारापासून सोफ्यापर्यंत उलटा चाललो होतो. आता तो माझं उदाहरण सगळीकडे सांगतो.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडेही सायटिकावर एखादा हमखास उपाय असणारच. जरूर कळवा. फक्त तो कितव्या आठवड्यात केला होता, तेही त्याच पत्रात लिहा.