नेत्रप्रांती अवर्षण

सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत उभी हयात कारकुनीत घालविताना, तालुक्यातालुक्यांतून येणारे सकाळी साडेआठचे पर्जन्यमापकाचे आकडे रजिस्टरात उतरविणे आणि वर्षाकाठी पाच-साडेपाचशे मिलिमीटरची बेरीज कशीबशी जमली म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकणे, हे ज्याचे विहित कर्तव्य होते, त्या इसमाच्या स्वतःच्याच डोळ्यांत सेवानिवृत्तीनंतर अवर्षण पडावे आणि त्याचेही मोजमाप मिलिमीटरांतच व्हावे, यास योगायोग म्हणावे की दप्तराने उगविलेला सूड, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

प्रारंभ मोतीबिंदूपासून झाला. ऐन वैशाखात डाव्या डोळ्यापुढे धुके उतरू लागले. आणि सोलापुरात वैशाखात धुके पडत नाही, हे मला कोणी सांगण्याची गरज नसल्यामुळे मी निमूटपणे शस्त्रक्रियेस रुकार दिला. अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून माझे वडिलोपार्जित भिंग ध्वनिलहरींनी फोडून बाहेर काढण्यात आले आणि त्याच्या जागी घडी घालून आत सरकविलेले नवे भिंग उलगडले. पट्टी सुटली तेव्हा सिद्धेश्वराच्या तळ्याचे पाणी निळे दिसले. त्याचबरोबर असेही निदर्शनास आले, की आमच्या दिवाणखान्याची जी भिंत पिवळी पडली म्हणून मी तीन वर्षे गृहखात्याशी वाद घालीत होतो, ती भिंत शुभ्र होती. दावा बिनशर्त मागे घ्यावा लागला.

तीन आठवड्यांनंतर मात्र डोळ्यात शेंगाचटणीचा कण अडकल्यासारखे खुपू लागले आणि वेळी-अवेळी अश्रू वाहू लागले. शेजारच्या मुलीच्या लग्नात अंतरपाट दूर होण्यापूर्वीच मी रुमाल भिजविला, तेव्हा वधूची आजी गहिवरून म्हणाली, "मालक, लई हळवं काळीज हाय हो तुमचं!" एवढ्यावर निभावले असते तर हरकत नव्हती, परंतु ज्यांच्या जाचापायी मी दोन वेळा बदलीचा अर्ज केला होता, त्या माजी वरिष्ठांच्या सत्कारसभेत माझ्या गालांवरून धारा लागल्या, आणि त्या सद्गृहस्थांनी व्यासपीठावरून खाली उतरून मला कडकडून आलिंगन दिले.

"काका, तुमचा डोळा कोरडा पडलाय," डॉक्टर म्हणाल्या. त्या वेळी मी दुसरा रुमाल शोधीत होतो.

त्यांनी केलेला खुलासा ऐकून मी थक्क झालो, कारण तो अथपासून इतिपर्यंत महसूल खात्याचा कारभार होता. बुबुळावरील पारदर्शक पडद्यात मज्जातंतूंचे दाट जाळे असते. शस्त्रक्रियेच्या छेदाने त्यांतील काही तारा तुटतात, म्हणजे टंचाईचा अहवाल मुख्यालयास वेळेवर पोहोचत नाही. त्यातच काही थेंबांतील टिकाऊपणाचे रसायन पृष्ठभागास आणखी त्रास देते. अखेर कोरडेपणा पराकोटीस गेला म्हणजे अश्रुग्रंथी खडबडून जागी होते आणि एकदम सारे पाणी सोडून देते. परंतु भेगाळलेल्या जमिनीवरील वळवाप्रमाणे ते टिकत नाही, वाहून जाते. डोळ्यात पाणी ठरण्यासाठी त्यावर तेलाचा सूक्ष्म तवंग लागतो, आणि तो पापण्यांच्या कडांमधील ग्रंथींतून पाझरतो. जलाशयावर रसायनाचा पातळ थर पसरून बाष्पीभवन रोखण्याच्या प्रयोगांची कागदपत्रे मी पूर्वी वाचली होती. ती योजना माझ्या पापणीत जन्मापासून मंजूर होती, याची मात्र मला वार्ता नव्हती.

मग पंचनामा झाला. शिर्मर नामक जर्मन वैद्याने 1903 साली प्रचारात आणलेली, पाच मिलिमीटर रुंद व पस्तीस मिलिमीटर लांब अशी टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकविण्यात आली, आणि मी डोळे मिटून पाच मिनिटे, कपाळावरचे बाशिंग घसरून गालावर आलेल्या नवरदेवासारखा बसून राहिलो. दहाच्या वर ओल चढली तर ठीक. माझी चढली चार.

"चार मिलिमीटर!" मी उद्गारलो. "बाई, हा तर टंचाईग्रस्त तालुका!"

उपाय म्हणून पापण्यांना ऊन शेक, वाचताना पापण्या लवविण्याची आठवण आणि बाटलीतले कृत्रिम अश्रू असा हुकूम झाला. दुष्काळी गावांबद्दलच्या टिपणांत ज्याने आयुष्यभर फुकट नक्राश्रू ढाळले, त्याला आता अश्रू रोकडीने विकत घ्यावे लागतात. ते घालण्याचा मक्ता सौभाग्यवतींकडे आहे. "अहो, वर बघा. वर म्हणजे देवाकडे नव्हे, पंख्याकडे!" असा आदेश सुटतो, पहिला थेंब मिशीवर, दुसरा कानात आणि तिसरा, त्याच्या मर्जीने, डोळ्यात पडतो. अश्रूंचा पुरवठा दिवसातून चार वेळा आणि नळाचा मात्र काही दिवसांआड, असा आमच्या घरचा सांप्रतचा जलव्यवहार आहे.

तीन महिन्यांनी पट्टीवर अकरा मिलिमीटर ओल चढली. मी सवयीने तारीख घालून तिची नोंद डायरीत केली आणि टंचाई उठल्याचे मनोमन जाहीर करणार, एवढ्यात डॉक्टरबाईंनी उजव्या डोळ्यावर बत्ती टाकली व तोही मोतीबिंदू काढण्याजोगा झाल्याचे सांगितले. मी तेथल्या तेथे तोंडी अर्ज गुदरला, की पुढचे मृग नक्षत्र लागेपर्यंत मुदत मिळावी.