मिथ्या हाडांचं खरं बिल

जग मिथ्या आहे, हे ऐकून आपल्याकडे कुणाला धक्का बसत नाही. कीर्तनात माना डोलवत ते ऐकायचं आणि घरी येऊन दोन खाड्यांवरून दूधवाल्याशी हुज्जत घालायची, ही आपली जुनी वहिवाट. त्यामुळे अमेरिकेत एका बाईंनी बायबलच्या आधाराने तेच सांगितलं तेव्हा तिकडे एवढा गहजब का झाला, हे चटकन कळत नाही.

बाईंचं नाव मेरी बेकर एडी. १८६६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी त्या बर्फावरून घसरून पडल्या. बायबल वाचताना बरं वाटलं, असं त्यांचं सांगणं. १८७५ मध्ये त्यांचं ‘सायन्स अँड हेल्थ’ निघालं, १८७९ मध्ये चर्च. ‘ख्रिश्चन सायन्स’ म्हणतात ते हेच. परमेश्वर म्हणजे केवळ चैतन्य. देह, ताप, खोकला हा सारा मर्त्य मनाचा भ्रम. पाऱ्याची औषधं पाजणाऱ्या डॉक्टरांपेक्षा ‘तुला काही झालेलंच नाही’ म्हणणारी बाई लोकांना परवडली असणार. पुढे या श्रद्धेपायी काही लेकरं उपचारांविना गेली, खटले झाले. तिथे मात्र हसू येत नाही.

मार्क ट्वेनला हा विषय आयताच मिळाला. त्याच्या गोष्टीतला माणूस कड्यावरून पडतो, हाडांचा चुरा होतो. वेदना नाहीच, असं त्याला पटवणारी बाई शेवटी दर फ्रॅक्चरमागे एक डॉलर असं बिल लावते. तो तिला काल्पनिक चेक देतो, तर बाई खऱ्या डॉलरांसाठी कोर्टात! आपला वेदान्ती जास्त पोचलेला. हत्ती मागे लागल्यावर का पळालात, या प्रश्नावर तो पळता पळता सांगतो, अहो, पळणंही मिथ्याच. अर्थात एडीबाईही व्यवहार सोडून नव्हत्या. मोडलेली हाडं तूर्त सर्जननेच बसवावीत, अशी सोय त्यांनी पुस्तकातच ठेवली आहे. १९०८ साली तर त्यांनी रोजचं वर्तमानपत्र काढलं, या मिथ्या जगाच्या ताज्या बातम्यांसाठी.

देहाला भ्रम म्हणण्याबद्दल जुन्या चर्चची तक्रार वेगळीच आहे आणि ती बाईंच्याही फार आधीची. येशूला खरा देह नव्हताच, तो नुसता दिसत होता, असं म्हणणारे लोक अगदी पहिल्या पिढ्यांतच निघाले होते. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला श्वापदांपुढे टाकायला रोमला नेत होते. वाटेत लिहिलेल्या पत्रात त्याने विचारलं, येशूचं दुःख भासच असेल तर मी या बेड्यांत कशाला? वादविवादात हा माणूस मला फार आवडतो.

लूकच्या शुभवर्तमानात तर पुनरुत्थान झालेला येशू शिष्यांपुढे उभा राहतो, ते त्याला भूत समजतात, आणि तो सरळ विचारतो, खायला काही आहे का? ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात, तो सगळ्यांसमक्ष खातो. आंधळ्याला दृष्टी देतानाही नुसता संकल्प नाही. थुंकीत माती कालवून डोळ्यांना लेप. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस यांवाचून या धर्माचं पान हलत नाही. एडीबाईंच्या चर्चमध्ये मात्र बाप्तिस्म्याला पाणी नाही आणि प्रभुभोजनाला भाकर नाही. गुडघे टेकून मूक प्रार्थना, बस्स.

माझा कल माशाकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी तापाने फणफणलेल्या मध्यरात्री ‘हे काही खरं नव्हे’ म्हणणारं कुणीतरी उशाशी हवंसं वाटतं. सकाळी मात्र मऊ भात आणि मेतकूटच लागतं.

मुंबईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरात आगेरा हा सुगीचा सण करतात. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात. सणाच्या जेवणात ताटात फुगियास आणि सोरपोतेल असताना हे सगळं भ्रम आहे, असं तिथल्या एखाद्या आजीला सांगून बघावं. ती वाद घालणार नाही. ‘मग तुला वाढू नको ना?’ एवढंच विचारेल.